दोन घासांत पोट भरतं, ते नाटक नसतं

जेवण टाळणं, खाऊन उलटी काढणं, थांबताच येत नाही इतकं एका बैठकीत खाणं, अशा तक्रारींची रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच शंका आहे: हे पोटाचं दुखणं की मनाचं? आहारविकार हे मानसिक आजार म्हणून ओळखले जातात आणि ते आहेतच. पण उपासमारीने किंवा अनियमित खाण्याने जठराची गती आणि भुकेची हार्मोन्स इतकी बदलतात, की नुसत्या समजावण्याने माणूस जेवू शकत नाही. घरच्यांना हे कळलं तर ताटावरचं निम्मं भांडण मिटतं. म्हणून यावेळी उत्तरांत पोटाकडे जास्त लक्ष दिलं आहे.

मुलगी सोळा वर्षांची. दहावीच्या सुट्टीत डाएट म्हणून आधी भात सोडला, मग रात्रीचं जेवण. आता समजावून ताटावर बसवलं तर दोन घासांत ‘पोट भरलं’ म्हणते. पोट फुगतं, ढेकर येतात, तीन-तीन दिवस शौचाला होत नाही. एंडोस्कोपी केली, ती नॉर्मल आली. सासूबाई म्हणतात, नखरे आहेत. — एक आई, दापोली

तिचं पोट खरंच भरतं. घरातल्या सगळ्यांनी आधी हे मान्य करा.

निरोगी माणसाचं जठर घास आत आला की वरच्या भागात सैल होऊन जागा करतं. खालच्या भागात अन्न घुसळलं जातं आणि त्याचे एक-दोन मिलिमीटरचे कण झाले की मगच ते लहान आतड्यात सोडलं जातं. साधं जेवण चार तासांत जवळजवळ सगळं पुढे गेलेलं असतं. महिनोन् महिने कमी खाल्लं की शरीर काटकसर करू लागतं. नाडी मंदावते, हातपाय गार पडतात आणि जठर-आतड्यांच्या स्नायूंचाही वेग उतरतो. सकाळी खाल्लेलं दुपारीही पोटात असतं, त्यावर आणखी दोन घास पडले की फुगणं, ढेकर, मळमळ. मोठं आतडंही सुस्तावल्यामुळे बद्धकोष्ठ होतं आणि पोट आणखी जड वाटतं. एंडोस्कोपीत अस्तर, व्रण, सूज दिसते; जठर किती वेगाने रिकामं होतं ते त्यात दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आणि तक्रार खरी, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

आता हार्मोन्स. घ्रेलिन हे भूक जागवणारं हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. जेवणाआधी ते वाढतं, जेवल्यावर उतरतं. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने जेवण टाळण्याच्या आजारात, ते कमी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते वाढलेलं आढळतं. म्हणजे शरीर अन्न मागत असतं, पण त्या मागणीला मेंदूकडून नेहमीसारखा प्रतिसाद मिळत नाही, आणि अन्न समोर आलं की भीती त्यावर मात करते. त्याच वेळी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून आणि मोठ्या आतड्यातून येणारं पीवायवाय नावाचं हार्मोन, जे ‘पुरे’ सांगतं, ते अनेक रुग्णांत जास्त असतं. भूक सांगणारं आणि पुरे सांगणारं, दोन्ही एकदम वर. अशा मुलीला ‘तुला भूक लागेल तेव्हा खा’ म्हणणं हा चांगल्या मनाने दिलेला पण चुकीचा सल्ला आहे. तिची भुकेची जाणीव सध्या भरवशाची नाही. जेवण घड्याळावर ठेवायचं.

दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या: सकाळी ८, साडेदहा, दुपारी १, ४, संध्याकाळी ७ आणि झोपण्याआधी. दोन खाण्यांत तीन तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. मोठ्या जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला १५ मिनिटं. त्यापुढे ताट घेऊन बसवून ठेवू नका, पण पुढची वेळही चुकवू नका.

आजारी माणसाला पेज देण्याची आपल्याकडची रीत इथे उपयोगी पडते, कारण पातळ अन्न घट्ट अन्नापेक्षा लवकर पुढे सरकतं. मात्र निवळ पेजेने पोट पाण्यानेच भरतं. उकड्या तांदळाची पेज घट्ट ठेवा, त्यात शिजलेली मूगडाळ, चमचाभर तूप, थोडं ओलं खोबरं घाला. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात शिजवा. मऊ भात आणि काटे काढलेले मासे, घावन आणि नारळाचा रस, कुळथाची पिठी तूप घालून, हे सगळं चालतं. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की कोलेसिस्टोकायनिन, थोडक्यात सीसीके, हे हार्मोन सुटतं आणि जठर मंदावतं, हे खरं. त्यावर उपाय तूप बंद करणं हा नाही. ते दिवसभरात वाटून द्या. पहिले काही आठवडे कच्च्या कोशिंबिरी, मोडाची उसळ, कोंड्याच्या पोळ्या बाजूला ठेवा. जेवणाआधी तांब्याभर पाणी प्यायची सवय असेल तर ती थांबवा. जेवल्यावर तासभर तिच्याजवळ कोणीतरी बसा, पोटाला गरम पाण्याची पिशवी द्या, पत्ते खेळा, मालिका बघा. जेवण, वजन, कपड्यांचं माप हे विषय त्या तासात नकोत.

पहिले दोन-तीन आठवडे फुगणं वाढल्यासारखं वाटेल. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘बघ, खाल्लं की त्रास होतो’ असा तिचा ग्रह पक्का होतो. नियमित खाणं टिकलं तर काही आठवड्यांत जठराचा वेग सुधारू लागतो, वजन पूर्ण भरून येण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि एक सावधगिरी. गॅस-पित्तासाठी मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेल्या कॅप्सूल सर्रास आणल्या जातात. रक्तातलं पोटॅशियम कमी असताना डॉम्पेरिडोनमुळे हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित होऊ शकतात. पोटॅशियम आणि ईसीजी पाहिल्याशिवाय ते देऊ नका.

एवढं घरी केलं तरी तिला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवंच. या वयात सर्वांत जास्त उपयोगी ठरलेला उपचार म्हणजे आईवडिलांनी काही काळ जेवणाची जबाबदारी पूर्णपणे हातात घेणं आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ती हळूहळू मुलीकडे परत देणं. तुमच्यामुळे हा आजार झाला, असं त्यात कुठेही गृहीत धरलेलं नसतं.

मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे समुद्रकिनाऱ्यावर धावते, संध्याकाळी पुन्हा. घरीही एका जागी बसत नाही, अभ्यास फेऱ्या मारत करते. खाणं अगदी कमी. पाच महिने पाळी नाही. डॉक्टरांनी पाळी येण्याच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्यावर आली, पुन्हा बंद. — वडील, गुहागर

ही अस्वस्थता मेहनती स्वभावाची म्हणून कौतुकाने पाहू नका. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन हे हार्मोन स्रवतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते शोधलं. शरीरात किती साठा आहे, हे मेंदूला त्यावरून कळतं. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की लेप्टिन घसरतं. मग मेंदूतला हायपोथॅलॅमस पाळीचं चक्र चालवणारी हार्मोन्स आखडती घेतो, बीजकोश शांत होतात, इस्ट्रोजेन उतरतं. उपाशी ठेवलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना फिरतं चाक दिलं तर ते खाणं सोडून धावत सुटतात आणि त्यांना लेप्टिन दिलं की ती धाव कमी होते. माणसातही कमी लेप्टिन आणि ही बसू न देणारी चळवळ यांचा संबंध आढळला आहे.

गोळ्यांनी आलेली पाळी ही गोळ्या थांबवल्यावर होणारा रक्तस्राव आहे. त्याने मूळ चक्र सुरू झालेलं नसतं, उलट सगळं ठीक आहे असा समज होतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी हाडांचं रक्षणही होत नाही. हाडांचा साठा विशीच्या आसपास भरत असतो, त्या वर्षांत इस्ट्रोजेन नसेल तर नुकसान पुढे पुरतं भरून येईलच असं नाही. नडगीत किंवा पावलात एका ठिकाणी टोचणारं दुखणं असेल तर ते हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन गर्भधारणा चाचणी, टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि इस्ट्रोजेन-एफएसएच-एलएच करून घ्या. पाळी थांबण्याची इतर कारणं वगळायलाच हवीत. दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल, उभं राहिल्यावर घेरी येत असेल, तर धावणं आजच थांबवा आणि ईसीजी काढा. खेळाडूची नाडी संथ असतेच, असं म्हणून सोडून देऊ नका. पाळी बंद असलेल्या, कमी खाणाऱ्या मुलीत ती उपासमारीची खूण धरायची. नाचणी आणि सुकट चांगली, पण नुसत्या कॅल्शियमने हे सुटत नाही, पोटात पुरेसं अन्न जावं लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेला वेगळं नाव देऊन तिची दखल घेतली, कारण तिने पाळी आणि हाडांबरोबर कामगिरीही घसरते. तिला पटवताना हे सांगा: भरतीत पळायला ताकद लागते आणि ती ताकद सध्या रोज कमी होते आहे.

वय २१. दिवसभर चहा-बिस्किटावर राहते. रात्री खोलीवर आले की सुटतंच, भात, ब्रेड, फरसाण, काहीही. मग उलटी काढते. जवळजवळ रोज. गाल सुजलेत, आईला वाटतं गालगुंड. पायात गोळे येतात, छातीत धडधडतं. कोणाला सांगितलेलं नाही. — रत्नागिरी

तू लिहिलंस, हे फार बरं केलंस. सगळ्यात आधी छातीतली धडधड आणि पायातले गोळे. वारंवार उलटीने पोटॅशियम घसरतं आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. उद्या सकाळी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ईसीजी करून घे. डोळ्यांपुढे अंधारी आली, चक्कर येऊन पडलीस, किंवा उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा. डॉक्टरांना ‘उलट्या होतात’ असं न सांगता ‘मी उलट्या काढते’ असं सांग. या एका शब्दाने तपासण्या आणि उपचार बदलतात. शहाळ्याचं पाणी पीत असशील तर पी, त्यात पोटॅशियम असतं. पण उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि क्लोराइड गेलेलं असताना मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकतच राहतं, त्यामुळे खरी कमतरता शहाळ्याने भरून निघत नाही.

गाल म्हणजे लाळेच्या ग्रंथी. उलट्यांनी त्या दोन्ही बाजूंना सुजतात, बहुधा दुखत नाहीत. गालगुंडात ताप असतो आणि दुखतं. उलट्या थांबल्या की सूज उतरते, पण लगेच नाही, आठवडे लागतात.

आता रात्री सुटतं का, ते. लहान आतड्यात अन्न पोचलं की सीसीके सुटतं आणि पोट भरल्याचं मेंदूला कळतं. बुलिमियात, म्हणजे खूप खाऊन मग उलटी काढण्याच्या या आजारात, जेवणानंतर सीसीकेची वाढ कमी होते, हे १९८८ पासून माहीत आहे, पीवायवायचंही तसंच. वारंवार खूप खाल्ल्याने जठराची क्षमता वाढलेली असते आणि ते रिकामंही उशिरा होतं, त्यामुळे अन्न आतड्यात पोचून ‘पुरे’ म्हटलं जाण्याआधीच खूप खाऊन झालेलं असतं. उलटीने तर जे पुढे जायचं तेच निघून जातं आणि तृप्ती येतच नाही. त्यात दिवसभराचा उपास, म्हणजे भूक चढतच गेलेली. रात्री दहा वाजता इच्छाशक्तीने हे थांबवायचा प्रयत्न बहुतेक वेळा हरतो. थांबवायची जागा सकाळी आठला आहे.

म्हणून न्याहारी, काहीही झालं तरी. मग दर तीन तासांनी, चार तासांहून जास्त अंतर नको: तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी. आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं, उलटी झाली असली, तरी दुसऱ्या दिवशीची न्याहारी चुकवायची नाही. भरपाई म्हणून उपाशी राहिलीस की चक्र पुन्हा तिथूनच सुरू होतं. प्रत्येक जेवणात डाळ, अंडं, मासे, दही यांपैकी काहीतरी हवं, कारण प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांनीच सीसीके नीट सुटतं. नुसत्या ब्रेड-बिस्किटाने ते फारसं होत नाही. जेवून झाल्यावर तासभर खोलीत एकटी थांबू नकोस. मैत्रिणीला फोन कर, खाली उतर, मांडवीच्या किनाऱ्यावर चक्कर मार.

उलटी झालीच तर लगेच दात घासू नकोस. आम्लाने मऊ झालेलं एनॅमल ब्रशने खरवडलं जातं. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ भर, तासाभराने घास. त्या तासात कोकम सरबत, सोलकढी, कैरी, लिंबू काही नको.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. या विकारासाठी बेतलेल्या वर्तनोपचाराचा नेहमीचा क्रम साधारण २० बैठकांचा असतो. फ्लुओक्सेटिन हे औषध बुलिमियात रोज ६० मिलिग्रॅम या मात्रेत उपयोगी ठरलं आहे, नैराश्यासाठीच्या नेहमीच्या मात्रेपेक्षा ते बरंच जास्त आहे, म्हणून ते मानसोपचारतज्ज्ञांनीच सुरू करायचं. आईला सगळं सांगायचं धाडस होत नसेल तर हे पान तिच्यासमोर ठेव.

रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेते. सकाळी पोट साफ होऊन वजन कमी दिसतं. हल्ली दुप्पट घ्यावं लागतं. सोडलं तर पाय सुजतात. — सावंतवाडी

सोनामुखी आणि बिसाकोडिलसारख्या गोळ्या मोठ्या आतड्यावर काम करतात. अन्नातलं पोषण त्याआधीच, लहान आतड्यात, शोषून झालेलं असतं. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी, त्याबरोबर पोटॅशियमही गेलेलं. पाणी सारखं कमी पडतं म्हणून शरीर अल्डोस्टेरॉन वाढवून मीठ आणि पाणी धरून ठेवायला शिकतं. चूर्ण थांबवलं तरी ते हार्मोन काही दिवस वरच राहतं, म्हणून सूज. ही चरबी नव्हे. एक ते तीन आठवड्यांत ती उतरते. त्या काळात पाय उंचावर ठेवा, मीठ बेताने घ्या आणि सूज उतरवायला लघवीच्या गोळ्या स्वतःहून मुळीच घेऊ नका. पोटॅशियम आधी तपासा. बद्धकोष्ठ राहिलंच तर डॉक्टर लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतील. सुस्तावलेल्या आतड्यात इसबगोल कमी पाण्याबरोबर घेतला तर फुगणं वाढतं.

संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, सगळे उपास करते. दिवस निभावतो, पण संध्याकाळी उपास सोडताना हात थांबत नाही. खिचडी, मग जेवण, मग फराळाचे डबे. पोट दुखेपर्यंत. रात्री स्वतःची लाज वाटते. उलटी वगैरे करत नाही. — गृहिणी, वेंगुर्ले

उलटी न करता, आवर सुटल्यासारखं, लपूनछपून, पोट दुखेपर्यंत खाणं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत असेल, तर त्याला बिंज इटिंगचा विकार म्हणतात. लाज वाटणं हा त्या आजाराचाच भाग आहे.

अन्नाची ओढ उपासमारीतून कशी तयार होते, याचा सर्वांत तपशीलवार अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केला. ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने निम्म्या आहारावर राहणं पत्करलं. काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिना. पाककृतींची पुस्तकं जमवली, ताट चाटूनपुसून खाल्लं, काहींनी चोरून खाल्लं. बंधन उठल्यावर कित्येकांना पोट तुडुंब भरूनही तृप्ती वाटत नव्हती, आणि हे पुढे बराच काळ चाललं. सुरुवातीला त्यांतल्या कोणालाही आहारविकार नव्हता.

तुमचे उपास सुटे सुटे आहेत, पण ज्याला हा विकार आहे त्याला एक दिवसही पुरतो. दिवसभर भूक साचते, सुटकेच्या वेळी खाणं भराभर होतं, आणि पोट भरल्याचं कळायला लागणारी १५-२० मिनिटं मिळतच नाहीत. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, त्यामुळे खिचडी पोटभर खाऊनही तृप्ती टिकत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: उपचार चालू असेपर्यंत उपास नकोत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे स्वतःच्या तोंडाने सांगावं, म्हणजे सुनेवर अपराधाचं ओझं येत नाही. पूजा, कहाणी, नैवेद्य, सगळं होऊ शकतं. अगदीच मन मानत नसेल तर उपासाच्या दिवशीही दर तीन तासांनी खा: सकाळी दूध आणि केळं, मग राजगिऱ्याची लाही दुधात, दुपारी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, चारला मूठभर भाजके दाणे आणि ताक. निर्जळी तर नकोच. संध्याकाळी ताट एकदाच वाढून घ्या, टेबलावर डबे ठेवू नका, आणि कोणाबरोबर तरी बसून जेवा.

नऊ वर्षांच्या मुलाच्या घशात पापलेटचा काटा अडकला होता. डॉक्टरांनी काढला. त्याला दोन महिने झाले, पण तो पेज, दूध, आइस्क्रीम याशिवाय काही गिळत नाही. वजन उतरलंय. हाही आहारविकारच का? — चिपळूण

हो, असू शकतो. बारीक व्हायचं म्हणून नव्हे तर गुदमरण्याच्या भीतीने अन्न टाळणं, याला २०१३ पासून स्वतंत्र निदान आहे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून घशात काही उरलेलं नाही याची खात्री करा. मग पायऱ्या: घट्ट पेज, डाळ घालून घोटलेला मऊ भात, दह्यात भिजवलेली आंबोळी, मऊ घावन, मग पोळीचा लहान तुकडा. एका पायरीवर तीन-चार दिवस, रोज त्याच वेळी, चमच्यांची संख्या आधी ठरवून. मासे सगळ्यात शेवटी, सुरमईचा काटा त्याच्यासमोर काढून दाखवलेला तुकडा. ‘काटा नाहीये, खा’ म्हणत फसवून भरवू नका, विश्वास एकदा गेला की महिने लागतात. तीन आठवड्यांत पुढे सरकत नसेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ.

घ्रेलिन, लेप्टिन यांची रक्ततपासणी केली तर निदान होईल का? — मालवण

नाही, पैसे खर्च करू नका. ही पातळी वजन, शेवटचं जेवण, झोप यांनुसार बदलते, आणि तिच्यावरून उपचार ठरत नाहीत. करायच्या तपासण्या साध्या आहेत: हिमोग्लोबिन, साखर, सोडियम-पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, टीएसएच, ईसीजी. वजन उतरतंय म्हणून लगेच आहारविकार ठरवू नका; क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड आणि गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिअ‍ॅक, हे आधी वगळायचे.

रात्रीचं खाणं सुटत नाही, वजन वाढलंय. वजनाची नवी इंजेक्शनं घेऊ का? — अलिबाग

सेमाग्लुटाइडसारखी ही औषधं आतड्यातल्या जीएलपी-१ या हार्मोनची नक्कल करतात: जठर मंद, भूक कमी. मधुमेहात आणि स्थूलतेत त्यांचा उपयोग आहे. पण दिवसा उपाशी आणि रात्री बेसुमार, असा तुमचा क्रम असेल तर इंजेक्शनने दिवसा उपाशी राहणं आणखी सोपं होतं आणि मूळ चक्र तसंच राहतं. पूर्वी कधी अ‍ॅनोरेक्सिया होता, किंवा उलट्या काढायची सवय होती, तर धोका जास्त. मळमळ-उलटी हा या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हा इतिहास स्वतः सांगा. आधी दोन-तीन महिने वेळेवर दिवसभर खाऊन पाहा, रात्रीचं किती उरतं ते बघा, मग औषधाचा विचार करा.

धाकटा भाऊ २३ वर्षांचा. जिमपासून सुरू झालं, अंगावर हाडं उरलीत. गेले पंधरा दिवस फक्त काळी कॉफी आणि ताक. कालपासून खायला तयार झालाय. आंब्याचे दिवस आहेत, आमरस-पुरी, शिरा, जे मागेल ते भरपूर देऊ का? — देवगड

थांबा. आनंदाची बातमी आहे, पण त्याला आजच हॉस्पिटलमध्ये न्या. दहा दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम गोड आणि पिठूळ अन्न भरपूर दिलं तर जीव जाऊ शकतो.

कारण असं. उपासमारीत शरीर चरबीवर चालतं, इन्शुलिन खाली असतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ठीक दिसतं, पण पेशींमधला साठा संपत आलेला असतो. आमरस पोटात गेला की इन्शुलिन उसळतं आणि साखरेबरोबर ही तिन्ही द्रव्यं रक्तातून पेशींत ओढली जातात. रक्तातलं फॉस्फेट कोसळलं की श्वासाचे आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होतात, पाय सुजतात, धाप लागते, माणूस बरळू लागतो. साखर जाळायला लागणारं थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, तेही संपलेलं असतं. त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. धोका सर्वांत जास्त पहिल्या पाच दिवसांत, आणि दहा दिवसांपर्यंत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

हॉस्पिटलमध्ये चार गोष्टी विचारा. खाणं वाढवण्याआधी थायमिन दिलं का? फॉस्फरस आणि मॅग्नेशियम तपासलं का? नेहमीच्या ‘इलेक्ट्रोलाइट’ तपासणीत बहुधा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइडच असतं, ही दोन वेगळी लिहून घ्यावी लागतात. पहिले काही दिवस रोज तपासणार का? आणि ग्लुकोजची सलाईन लावत असाल तर थायमिन तिच्याआधी गेलं का? अन्न थोडं सुरू करून रोज वाढवलं जातं. भीतीपोटी आठवडाभर त्याच थोड्या अन्नावर ठेवणंही चुकीचं, त्याने तो आणखी खंगतो. दूध चांगलं, त्यात फॉस्फेट असतं. आमरस महिन्याभराने.

पुरुषांत हा आजार उशिरा ओळखला जातो, कारण घरात तो ‘बॉडी करतोय’ असं सगळे धरून चालतात. तुम्ही लिहिलंत म्हणून तो वेळेत हॉस्पिटलला पोचेल.

आमच्याकडे यातले डॉक्टर नाहीत. मुंबईलाच जावं लागेल का? — राजापूर

सुरुवात जवळूनच करा. रत्नागिरीत शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार विभाग चालतो. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतूनही बोलता येतं, पुढे कुठे दाखवायचं तेही तिथे विचारता येतं. जाताना एका कागदावर लिहून न्या: गेल्या सहा महिन्यांत वजन किती बदललं, शेवटची पाळी कधी, दिवसात काय काय खाल्लं जातं, उलटी-जुलाबाची औषधं किती वेळा, चक्कर आली का, घरात मधुमेहाचं इन्शुलिन कोणी घेतं का. तज्ज्ञ लांब असले तर गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे दर आठवड्याला नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, वजन आणि पोटॅशियम पाहायचं ठरवून घ्या. वजन करताना पाठ काट्याकडे, आकडा डॉक्टरांनी लिहायचा, मुलीला वाचून दाखवायचा की नाही ते उपचार करणाऱ्यांनी ठरवायचं.